कोकरांचा कोट

४ नोव्हेंबर

आई,

कोट अंगावर असेल तर आधी काढ. मग पुढचं वाच.

काढलास? खुर्चीवर टाकू नकोस, पलंगावर तर नाहीच. बाहेर नेऊन ठेव आणि दाराला कडी लाव. हसू नकोस. मला माहितीये तू हसतेयस, तोंड न उघडता, नाकातून.

मी तुला कधीच पत्र लिहिणार नव्हते. तू गेलीस त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं. हा हट्ट तुझ्याकडून आलाय असं आत्या म्हणते. आता आत्याच कुठून तरी ऐकून आली की तुला दिवस गेलेत. "या वयात! लाज कोळून प्यायलीय!" असं दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाली. मी तसलं काही म्हणत नाहीये. तुझं पोट, तू बघ. पण पोटुशी बाई आणि आपल्या कारखान्यातली फर, हे दोन्ही एका जागी नको.

कोणता कोट ते सांगायला नकोच. राखाडी, बारीक कुरळ्या केसांचा, मी झाले तेव्हा बाबांनी तुला दिलेला. तू जाताना एक बॅग आणि तो कोट नेलास. माझ्या जन्माचा कोट नेलास आणि मला ठेवून गेलीस. असो. त्यावर भांडायला वेगळं पत्र लागेल.

आता काय झालं ते सांगते. सुरीकाका आठवतात ना? कातड्यावर सुरी चालवायचे, तू असतानाही तेच होते. केस पांढरे झालेत, जीभ तशीच आहे. बाबांनी त्यांना कोल्ह्यांच्या कातड्याचं एक जाकीट दिलं होतं. बाही नीट बसते का ते बघायला काका नेहमी स्वतः हात घालून बघतात. दुपार होती, खिडकीतून माझ्या टेबलावर छान ऊन आलं होतं, मी समोर बसून हूक शिवत होते. काकांनी दोन्ही हात घातले आणि म्हणाले, "अगं, ही आवळतेय."

मला वाटलं मस्करी. ते सारखीच करतात.

"मुके, दात काय काढतेस, ओढ!"

मी ओढलं. फरचे सगळे केस उभे राहिले, एक कुत्रा दुसऱ्याला बघून करतो ना, तसे. मग आवाज आला, कच्चं गाजर मोडल्यासारखा. परत एकदा. रक्त टपकलं नाही, ते केसाकेसातून वर आलं, तेल लावल्यासारखं चोपून बसलं. बाबा धावत आले, त्यांनी कात्रीने बाह्या उभ्या फाडल्या. काकांचे हात मनगटापाशी संपले होते. पुढे काहीच नाही. आणि बाह्यांच्या टोकांना त्यांची बोटं लागली होती. एकही टाका नाही, दोरा नाही, आतून उगवल्यासारखी. आत वळलेली, नख्यांसारखी. एक बोट माझ्या टेबलावर ओरखडलं. तो ओरखडा अजून आहे, आत्ता कागद त्याच्यावरच ठेवलाय, म्हणून मधली ओळ वाकडी आलीय.

बाबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "मशीनमध्ये गेले. कुठे गेले? मशीनमध्ये."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिची काळजी नाही. हिला स्वतःचं नाव सांगायला अर्धा दिवस लागतो."

आत्या हसली. सवयीने हसली असेल, तिच्या चपला रक्तात होत्या.

म्हणून लिहितेय. कागदावर मी अडखळत नाही. शाळा सोडली तेव्हा सगळ्यांना वाटलं की मला काही येत नाही. मला फक्त मोठ्याने वाचायला येत नव्हतं.

कोट बाहेर ठेवलास ना?

तुझी (हे सवयीने लिहिलं)
मी


१५ नोव्हेंबर

आई,

तुझं उत्तर नाही. तू वाचत नसशील तर तुझ्या त्या माणसाने वाचून दाखवावं. अहो, वाचून दाखवा. मोठ्याने. तुम्हाला येत असेल.

अजून एक झालं. दातांच्या डॉक्टरांची बायको सशाची टोपी घ्यायला आली होती. आत्याने आरसा धरला. बाई म्हणाली, "अय्या, किती ऊबदार!" आणि मग ती किंचाळायलाच लागली. आत्याने टोपी खेचून काढली तेव्हा बाईच्या डोक्याच्या दोन्ही बाजू सपाट होत्या. मांस दिसत होतं, भोकात रक्त बुडबुडत होतं. आणि टोपीवर दोन कान ताठ उभे. कानातले डूल तसेच होते, हलत होते. आत्या धाडकन पडली. तोंडावर पाणी मारल्यावर डोळे उघडून पहिलं काय विचारलं असेल? "टोपी खराब नाही ना झाली?"

बाबा म्हणाले, बाई घसरून आरशावर पडली. आरसा शाबूत होता. तो बाबांनी नंतर फोडला.

मी काकांना भेटायला दवाखान्यात गेले. हात म्हणजे दोन पांढरे गठ्ठे. मला बघून म्हणाले, "या मुकाबाई! टाळी देत नाही, राग मानू नका. आणि आता सुरीकाका म्हणायचं नाही. नुसतं काका म्हणायचं."

मी रडायला लागले तर ओरडले. "रडायचं असेल तर बाहेर जा. इथे डोळे पुसून द्यायला कुणाला हात आहेत?"

मग त्यांनी सांगितलं. तुला माहीत असेल, तू त्या कारखान्यात सून म्हणून आलीस. कातडं कापताना जे निघतं, म्हणजे पंजे, कान, शेपटी, पोटाकडची पट्टी, ते सगळं त्या त्या जनावराचं एका दोऱ्यात ओवून ठेवायचं. एका जनावराला एक दोरा. कपडा शिवून झाला की तो दोरा तसाच मातीत पुरायचा, कशातच मिसळायचा नाही. का, ते कुणी विचारायचं नाही. काका म्हणाले, त्यांनीही कधी विचारलं नाही, जसं जेवायच्या आधी हात का धुवायचे ते कुणी विचारत नाही.

यंदा बाबांनी दोरा बंद केला. "एवढा वेळ कुणाला आहे?" म्हणाले. सगळ्या जनावरांचे छाट एकाच पोत्यात, आणि त्यातून जोडून स्वस्तातली अस्तरं.

"मग कोल्ह्याने काय करावं?" काका म्हणाले. "पंजे शोधले असतील बिचाऱ्याने. सापडले नाहीत. जे हाताशी आले ते घेतले. मीही तेच केलं असतं."

मी विचारलं, "आ-आ-आईचा कोट?"

काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "त्याला दोरा बांधलाच नव्हता. ओवायला काही उरलंच नव्हतं."

आई, तुला हे कुणी सांगितलंय का? तो कोट कोकरांचा आहे. पण जन्मलेल्या कोकरांचा नाही. जन्माला आलं की केस उलगडतात, राठ होतात. म्हणून मेंढी व्यायच्या आधीच तिला कापायचं, पोट फाडायचं आणि आतलं कोकरू ओलं असतानाच सोलायचं. तेव्हा ते केस तसे येतात, पाण्यावरच्या लाटांसारखे, ज्यांच्यावरून तू हात फिरवत बसायचीस. बाबांनी स्वतः केलं सगळं. काकांनी सुरी धरायला नाही म्हटलं होतं.

"त्यांचे पंजे नाही कापले, कान नाही कापले," काका म्हणाले. "त्यांची आईच कापली. इतकी वर्षं कोट गप्प होता, कारण तुझ्या आईच्या पोटात काही नव्हतं. आता तिथे जागा झालीय. आणि त्या जागेत भलतंच कुणीतरी बसलंय."

मला त्या पोराचं काही पडलेलं नाही. म्हणजे ते माझं कोण लागतं? पण त्याने काही केलेलं नाही. दुसऱ्याच्या जागेवर बसल्याबद्दल फक्त शाळेत मारतात.

उपाय आहे. ज्याचं जे असेल ते त्याला परत शिवून द्यायचं. काका म्हणाले दुसरं काही नाही. त्या मेंढ्यांची कातडी अजून आपल्याकडे आहेत. माझ्या बाकावर गादीसारखी अंथरलेली आहेत ना, तीच. इतकी वर्षं मी त्यांच्यावर बसून शिवतेय.

कोट पाठव. काठीने उचल, खोक्यात भर, दोरीने बांध आणि पार्सल कर. मी इथे शिवते. मग तू मला कधीच पत्र लिहू नकोस हवं तर.

मी


२४ नोव्हेंबर

आई,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढ्या वर्षांत पहिली. पाठ झालीय.

"कोट मिळणार नाही. त्या घरातून मला तेवढी एकच गोष्ट मिळाली. बापाने शिकवलेलं काहीबाही लिहू नकोस."

एकच गोष्ट. बरं.

मी कागद फाडणार होते, पण खाली तुझ्या माणसाने बारीक अक्षरात लिहिलंय, तू झोपल्यावर लिहिलं असेल: "तिला फार थंडी वाजते. कोट घालूनच झोपते. काढायला गेलं की हात झटकते. पोटावर लाल चट्टे आलेत, डॉक्टरांनी मलम दिलंय. तुम्ही तिला त्रास होईल असं लिहू नये ही विनंती."

मला "तुम्ही" म्हणणारा हा पहिलाच माणूस.

अहो, मलम लावू नका. कोट काढा. कापावा लागला तर कापा, फक्त तिची कातडी बघून कापा.

तुला वाटतं मला बाबा शिकवतात? मग ऐक. बाबा जेवायला गेले होते तेव्हा मी छाटाचं पोतं जमिनीवर ओतलं. पंजे, कान, शेपट्या, ओठ, सगळं. ते कोल्ह्यांचं जाकीट अजून मागच्या खोलीत पुतळ्यावर होतं, काकांच्या बोटांसकट. बोटं काळी पडली होती, पण मी आत गेले की माझ्याकडे वळायची. मी पंजे जुळवत बसले. केसांचा रंग, दाटपणा, टोकाची सफेदी. अवघड नाही, वेळ लागतो. माझ्याकडे वेळच असतो, कुणी माझ्याशी बोलत नाही. चुकलं की बाही फुरफुरायची. बरोबर लागलं की गप्प.

शेवटचा पंजा शिवला आणि बोटं गळून पडली. वाळक्या शेंगांसारखी, टप टप. जाकीट पुतळ्यावरून घसरलं आणि जमिनीवर पडून राहिलं, दमलेलं जनावर झोपतं तसं. मी त्याच्यावर हात ठेवला. काहीसुद्धा झालं नाही. म्हणजे काकांचा उपाय खरा आहे, कळलं?

बोटं रुमालात गुंडाळून काकांना नेऊन दिली. काका म्हणाले, "ठेव उशीखाली. पाठ खाजवायला होतील."

तेवढ्यात बाबांना कळलं. त्यांनी मला बाकावरून खेचलं आणि थोबाडीत दिली, कान अजून वाजतोय. "ऑर्डर तोंडावर आलीय आणि तू केलेलं उसवतेस? बस. बस आणि शिव."

मी म्हणाले, "न-न-न-न-नाही."

त्यांना माझं पूर्ण 'नाही' ऐकायला फार वेळ थांबावं लागलं. बरं झालं. एका झटक्यात म्हटलं असतं तर त्यांना ऐकूही आलं नसतं.

त्यांनी पोतं उचललं आणि बॉयलरमध्ये घातलं. सगळंच. जळताना आतून आवाज येत होते, ते बाबांनाही ऐकू आले, कारण त्यांनी रेडिओ मोठा केला. म्हणाले, "आता जुळव काय जुळवायचं ते."

मेंढ्यांची कातडी मी त्याच दिवशी बाकावरून काढून पलंगाखाली लपवली. त्यांना हात लावला तर मी चावेन. हे तुझ्यासाठी नाही. हट्ट म्हणून.

मी


३ डिसेंबर

आई,

बाबा गेले. तुला तार, फोन काही कुणी केलं नसेल, म्हणून सांगतेय.

मोठी ऑर्डर होती ना, लांब कोटाची, तो ऊदमांजरांचा होता. त्याला फक्त पाठीचं कातडं वापरलं होतं, पोटाकडची फिकी पट्टी सगळी कापून टाकलेली. ती पोत्यात होती. आणि पोतं जळलं. म्हणजे परत द्यायला काही उरलंच नव्हतं.

मी शिवायला नाही म्हटलं, तर बाकीचे कामगारही हात आखडायला लागले. काकांचे हात त्यांनी पाहिले होते. बाबा भडकले. सकाळी सगळ्यांना खाली बोलावलं, आत्यालाही. कोट हातात धरून म्हणाले, "या पोरीच्या नादाला लागता? जिला धड बोलता येत नाही तिच्या? कातडं ते कातडं. मेलेलं काय करणार?"

आणि घालायला लागले. मी पुढे धावले. "प-प-प-पोट," एवढंच येत होतं. ते हसले. "पोट दुखतंय का बाळाचं?" म्हणाले.

आरशासमोर उभे राहिले. छान दिसत होते, खोटं का सांगू. वळून म्हणाले, "बघा. काय झालं? काही झालं?"

मग कोटाच्या दोन्ही कडा आपोआप पुढे आल्या आणि एकमेकींना चिकटल्या. बाबांनी खाली बघितलं. "अरे," म्हणाले. चहा सांडल्यावर म्हणतात तसंच.

कोट उघडला तेव्हा बाबांना पोट नव्हतं. बरगड्यांच्या खालपासून कातडी पूर्ण काढलेली, इतकी सरळ रेषेत की काकांनीच कापली असं वाटावं. आणि कोटाला समोरून पोट आलं होतं. केस नसलेलं, फिकट, बेंबीसकट. श्वास घेत होतं. बाबांचं आतलं सगळं त्यांच्या बुटांवर उतरत होतं आणि ते दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न करत होते, पिशवी फाटून भाजी सांडते तेव्हा धरतो तसं. धरवत नव्हतं. निसटत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याबरोबर धरलं. माझेही हात पुरले नाहीत.

मी रडले नाही असं आत्या सगळ्यांना सांगतेय. आत्या खोटं बोलते.

अजून ऐक. सगळं उरकल्यावर दुसऱ्याच सकाळी आत्या म्हणाली, "माल पडून आहे. कोट धुऊन घेऊ आणि ऑर्डर देऊन टाकू."

मी बाबांच्या खिशातल्या चाव्या घेतल्या होत्या. दुकानाचं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि त्याच्यापुढे उभी राहिले. सगळे कामगार बघत होते. तुला माहितीये मला लोकांनी बघितलेलं चालत नाही. मी म्हणाले, "एकही क-क-कपडा बाहेर जाणार नाही. गेलेले प-परत आणायचे. उसवायचे. दोरा ब-बांधायचा."

"आणि खायचं काय?" आत्या म्हणाली. "दोरा?"

"तुम्ही न-नका खाऊ."

कुणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही.

तुझ्या माणसाचं कार्ड आलंय. तू उठत नाहीस. कोटाची बटणं सापडत नाहीत म्हणतो. कोट तुला घट्ट झालाय असं त्याला वाटतं. घट्ट नाही झालेला. त्याला सांग की गरम पाणी, स्वच्छ कापड आणि डॉक्टर तयार ठेव. मी उद्याच्या गाडीने निघतेय, मेंढ्या घेऊन. दार उघड. नाही उघडलंस तर तोडेन. मला आता दारं तोडायची भीती वाटत नाही.

मी


५ डिसेंबर, तुझ्या स्वयंपाकघरात

आई,

डॉक्टरांनी तुला सुई दिलीय, तू संध्याकाळपर्यंत उठणार नाहीस. मला बोलायला वेळ लागतो आणि माझी गाडी त्याआधी आहे. म्हणून हे टेबलावर ठेवून जातेय.

बाळ ठीक आहे. हे आधी लिहायला हवं होतं. ठोके नीट आहेत, डॉक्टरांनी मलाही ऐकवले. धावत सुटल्यासारखे असतात, माहीत नव्हतं. तुझ्या पोटावर टाके आहेत. थोडे डॉक्टरांचे, थोडे माझे. माझे जास्त सरळ आहेत.

तुला काय काय आठवेल ते माहीत नाही, म्हणून सांगते. तुझ्या माणसाने दार उघडलं आणि आधी विचारलं, "चहा घेणार?" मी त्याला बाजूला ढकललं. तू पलंगावर होतीस. कोटाला पुढे उघडायची जागाच राहिली नव्हती, दोन्ही बाजू जुळून एक झाल्या होत्या, शिवण नाही, काही नाही. कुरळे केस ओले होते. मी कान लावला. आतून चोखल्याचा आवाज येत होता. खूप तोंडांचा.

तू डोळे उघडून म्हणालीस, "तू कशाला आलीस? थंडी वाजेल मला."

मेंढ्यांची कातडी मी जमिनीवर पसरली आणि सुरी घेतली. काकांची सुरी. फर कधी केसांच्या बाजूने कापायची नसते, आतून कापायची, म्हणजे एक केस तुटत नाही. पण आतली बाजू तुझ्या अंगावर होती. मी कॉलरखालून सुरी सरकवली, पातं माझ्याकडे आणि बोथट पाठ तुझ्याकडे ठेवून. तू किंचाळत होतीस. किंचाळताना तू मला काय काय बोललीस ते मी लिहीत नाही. मी पण बोलले. तेही लिहीत नाही.

छातीवरचा भाग सुटला. पोटाकडचा सुटेना. तिथे कोटाच्या कडा तुझ्या कातडीखाली गेल्या होत्या. कातडी उचलली गेली होती आणि तिच्याखालून ते कुरळे केस आत सरकत होते, सगळीकडून, मधे बेंबीकडे. दाबलं की रक्त आणि पांढरं पाणी यायचं. तुझा माणूस परात धरून उभा होता. चक्कर येऊन पडला, उठला, परत परात धरली. भित्रा आहे, पण पळाला नाही. चांगला आहे. त्याला चिडवू नकोस.

मी एकेका कोकराची शिवण उसवत गेले. सुटलं की ते तळहाताएवढं कातडं धप्पकन जमिनीवर पडायचं आणि स्वतःला ओढत मेंढ्यांकडे जायचं, मागे रक्ताची ओली रेघ. बरोबर आपल्याच मेंढीकडे जायचं. मला जुळवावं लागलं नाही. मी खाली बसून त्याला मेंढीच्या पोटाशी शिवायचे, भराभर, मोठे टाके, आणि परत तुझ्याकडे यायचे. शिवलं की ते गप्प. मेंढीही गप्प. मग दुसरं.

शेवटचं सगळ्यात खोल गेलं होतं. नुसती शेपटी बाहेर होती. तुझ्या पोटावर बाहेरून दिसत होतं, एक उंचवटा आत सरकतोय आणि दुसरा त्याला ढकलतोय. बाळ लाथा मारत होतं. शाबास!

मी दोन बोटं आत घातली. आई, तू माझं मनगट एवढं दाबलंस की तिथे तुझी नखं उमटलीत. मी शेपटी नाही ओढली, ओढलं असतं तर ते अजून आत पळालं असतं. मी नुसतं बोट त्याच्यापुढे धरलं. त्याला तोंड नाहीये, ते नुसतं कातडं आहे. तरी त्याने बोट धरलं. मी हळूहळू मागे घेतलं आणि ते माझ्याबरोबर बाहेर आलं.

मी त्याला खाली ठेवलं. ते मेंढ्यांपाशी गेलं. एकीकडे, दुसरीकडे, सगळ्या फिरून आलं. सगळ्यांच्या पोटाशी कुणी ना कुणी होतं. त्याची मेंढी नव्हतीच. बाबांनी कधीतरी विकली असेल, आता विचारायचं कुणाला? ते थोडा वेळ मधेच पडून राहिलं. मग परत वळलं. तुझ्या पलंगाकडे.

सुरी माझ्या हातात होती. तुझा माणूस म्हणाला, "कापा ते! कापून टाका!"

मी 'नाही' म्हणाले. अजिबात न अडखळता आलं, मलाच दचकायला झालं. त्याला एकदा कापलंय. जन्माला यायच्या आधी कापलंय. परत कापायचं असेल तर ते माझ्या हाताने होणार नाही, तुझ्यासाठी पण नाही.

मग मी तुझ्या आणि त्याच्या मधे बसले. ते माझ्या पायांवरून चढायला लागलं. मी स्वेटर वर केला आणि त्याला आत घेतलं.

डॉक्टर नंतर आले. त्यांना फक्त तू आणि रक्त दिसलं. तुझ्या माणसाने त्यांना सांगितलं की पडली. बाबांसारखंच बोलायला शिकू नका म्हणावं त्याला. पण आजच्यापुरतं चालेल.

आता कोट नाही. त्या घरातून तुला मिळालेली ती एकच गोष्ट. रागाव हवं तर. मी माफी मागणार नाही आणि मी तुला माफही केलेलं नाही. तू उठायच्या आत जातेय ते घाबरून नाही. कारखान्यात कपड्यांचा ढीग पडलाय, लोक एकेक परत आणून देताहेत, काही दारातून फेकून पळतात. काका दवाखान्यातून आलेत. हात नाहीत तर तोंडाने काम करतात, दिवसभर माझ्या डोक्यावर बसून चुका काढतात. बॉयलरमध्ये जळालेल्यांचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. बाबांचं पोट घेतलेला तो कोट मी कोपऱ्यात टांगून ठेवलाय. तो अजून श्वास घेतो. त्याच्यावर मला उत्तर शोधायचंय आणि ते मी शोधणार. आत्या म्हणते, दुकान बंद पडलं. बंद नाही पडलं. उसवायचं काम चालू आहे.

बाळ झालं की कळव. नाही कळवलंस तरी मला कळेलच, आत्या आहे.

स्वेटरच्या आतलं हे सारखं इकडून तिकडे फिरतंय. जागा शोधतंय. माझ्या पोटाला मघाशी जोरात चावलं, स्वेटरवर थोडं रक्त आलंय, गाडीत लोक बघतील. बघू देत. मी त्याला सांगितलंय, इथे आत यायला मिळणार नाही, बाहेरून जेवढी ऊब लागेल तेवढी घे. आणि परत चावलास तर इथेच रस्त्यात ठेवून निघून जाईन.

ठेवणार नाही. पण ते त्याला आत्ताच कशाला कळायला हवं?

मी